सही कोणाच्या ताब्यात

कक्षप्रमुख हुपरीकर साहेबांनी टाइप केलेले दोन कागद फिरवले आणि मैत्रीला सुलट वाचता यावेत असे टेबलावरून तिच्याकडे सरकवले. वर पेन ठेवलं, तेही टोपण काढून.

"वाचा हवं तर," ते म्हणाले. "तसं वाचण्यासारखं काही नाही त्यात."

कार्यालय अधीक्षक मैत्री रणपिसे हिने वाचलं. वर 'चौकशी अहवाल' होतं, खाली चौकशी अधिकारी म्हणून तिचं नाव होतं, आणि मधली चौकशी कुणीतरी तिच्या वतीने उरकूनही टाकली होती. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी एकल महिला सहाय्य कक्षातून अकरा हजार अर्जदार बायकांची यादी एका भामट्याच्या ईमेलवर गेली होती. नावं, पत्ते, फोन, आधार क्रमांक, नवऱ्याच्या मृत्यूच्या तारखा, सगळं. ती कंत्राटी डेटा ऑपरेटर शालन गव्हाणे हिच्या संगणकावरून गेली. सबब सदर प्रकार सदर कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडला असून सदर कर्मचाऱ्याची सेवा तात्काळ समाप्त करण्यात यावी.

एका वाक्यात तीन 'सदर'. सरकारी कागदात 'सदर' जितके जास्त, तितकं लिहिणाऱ्याला त्या माणसाचं सोयरसुतक कमी, हे मैत्रीला चौदा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"साहेब, चौकशी मी करायची होती."

"केलीत की. नाव आहे तुमचं."

"यादी बाहेर काढायला अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते. ती सही तुमच्या डोंगलमध्ये आहे. ते तिच्या संगणकाला कसं लागलं, याबद्दल इथे एक अक्षर नाही."

हुपरीकरांनी खुर्चीत मागे रेलून तिच्याकडे पाहिलं. शेजाऱ्याचा मुलगा गणितात हुशार निघाल्यावर त्याच्याकडे पाहतात तसं.

"माझ्या टेबलावरून उचललं असेल. तेही लिहिता येईल. पण मग ती चोरी होते, पोलिसांत तक्रार द्यावी लागते. त्या पोरीचं भलं कशात आहे ते तुम्हीच बघा. तुम्ही तर दोन-दोन विषयांत एम.ए. का काय ते करताय. लोकप्रशासन आणि दुसरं ते कॉम्प्युटरच्या धोक्यांचं. होऊ दे की ऑफिसलाही थोडा उपयोग." त्यांनी काचेखालून अजून एक कागद काढला. "शेवटच्या सत्राच्या परीक्षेसाठी तुम्हाला ना-हरकत हवीय ना? सोमवारी दोन्ही सह्या एकदमच होऊन जातील. तुमची यावर, माझी त्यावर."

मैत्रीने पेनाचं टोपण शोधलं, ते पेनाला लावलं आणि पेन परत त्यांच्याकडे ठेवलं. दोन कागद मात्र उचलले. दाराबाहेर आली तेव्हा संतापाने तिचे कान तापले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरच संन्याशावर चोरीची फिर्याद ठोकायला निघाला होता. गेली तीन वर्षं संगणकाला लावायचं ते बोटभर डोंगल शालनच्या खणात असे, हे नारायण पेठेतल्या त्या दोन मजल्यांवर कोणाला ठाऊक नव्हतं? "शालन, साहेबांची सही दे गं इकडे," असं दिवसातून वीस वेळा ओरडलं जायचं. हजारो अर्जांवर साहेबांची सही होती आणि साहेबांनी एकही अर्ज उघडून पाहिला नव्हता. ते बैठकीत असत. बैठक नसली की बैठकीच्या तयारीत असत.

शालन जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. बुधवारपासून तिला संगणकाला हात लावायला मनाई होती. तरी ती वाघोलीच्या पुढून दोन बस बदलून रोज दहाला हजर होई. शेजारी कसबा पेठेतल्या गोदाबाई बसल्या होत्या, हातात पिशवी आणि पिशवीत अर्जाची पोच.

"मला फोन आला, बाई," गोदाबाई मैत्रीला सांगू लागल्या. "तुमच्या हापिसातून बोलतो म्हणाला. मी म्हटलं, कशावरून? तर त्याने यांची तारीख सांगितली. सतरा फेब्रुवारी. वार पण सांगितला. माझ्या सुनेला नाही ठाऊक ती तारीख! मग मी सगळं देत गेले, तो विचारत गेला तसं."

 "मावशी, तक्रार नोंदवलीय ना?" मैत्रीने विचारलं.

"नोंदवली. पण मला सांगा, त्याला यांची तारीख कुणी दिली?"

शालन खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. गोदाबाई जिना उतरून गेल्यावर मैत्री तिच्याशेजारी बसली.

"मला पुन्हा एकदा सांग. सगळं."

"सांगितलं की मॅडम. साडेतीनला मेल आला. वरती लाल अक्षरांत 'तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे, आज सायंकाळी पाचपर्यंत'. खाली मंत्रालयाचं नाव."

पुढचं सांगायची गरज नव्हती. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला माहिती पाठवायची म्हटली की अख्खं कार्यालय जेवणाचा डबा अर्धा टाकून उठतं. अशा वेळी कोण मागतंय, का मागतंय हे विचारणाऱ्याला वेड्यात काढतात. त्या भामट्याने कुलूप तोडलंच नव्हतं, त्याने फक्त वरच्यांच्या आवाजात हाक मारली होती.

"मी साहेबांना फोन लावला," शालन म्हणाली. "म्हटलं, साहेब, आख्खी यादी मागत्यात, आधार नंबरासकट. ते म्हणाले, वरून आलंय ना? मग मला काय विचारत बसतीस, पाठव. बैठकीत हाय मी."

"ते म्हणतात, त्यांनी थांब म्हणून सांगितलं."

"म्हणू द्यात." शालनने पदराने तोंड पुसलं. "फोनवरचं कुणी ऐकलंय?"

शनिवारी मैत्री खराडीला वर्गात गेली ती भांडायच्याच तयारीने. काचेच्या इमारतीतल्या सातव्या मजल्यावर विद्यापीठाने दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी लोकप्रशासन, दुपारी सायबर जोखीम. एका बाजूला तिच्यासारखे सरकारी नोकर बसत, दुसऱ्या बाजूला शेजारच्याच इमारतींतून आलेली आयटीतली मुलं. सकाळी ती मुलं मोबाइल बघत आणि दुपारी सरकारी नोकर डुलक्या घेत. पदवी जोडीची होती खरी, पण दोन विषयांची आपसांत ओळख कुणी करून दिली नव्हती. सकाळचे निवृत्त सनदी अधिकारी सांगत, काम खाली सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. दुपारी पडद्यावर वाक्य यायचं, माणूस हाच सुरक्षेतला सगळ्यात कच्चा दुवा. आजही ते आलं.

"कोणता माणूस?" मैत्रीने उभं राहून विचारलं.

पूर्वा मॅडम थांबल्या. त्या स्वतः एका कंपनीत हेच काम करत आणि शनिवार-रविवार शिकवायला येत. "म्हणजे?"

मैत्रीने सगळी हकिकत सांगितली, नावं वगळून. सांगताना तिचा आवाज चढला आणि तो खाली आणायची तिला इच्छाही झाली नाही. पलीकडचा सौरभ शांतपणे म्हणाला, "ताई, सिंपल आहे ना. लॉगमध्ये जिचं मशीन, तीच. केस क्लोज्ड."

"तुझ्या कंपनीत सीईओचा पासवर्ड रिसेप्शनिस्टकडे असतो?"

"नाही! असं कसं असेल?"

"आमच्याकडे असतो. तिने तो मागितलेला नसतो. तो तिच्या गळ्यात मारतात, आणि काही बिनसलं की तिनेच चोरला म्हणतात. हा कच्चा दुवा नाही, याला आमच्याकडे बळीचा बकरा म्हणतात."

दोन-चार जण हसले. पूर्वा मॅडम हसल्या नाहीत.

"तिने चोरला नाही, तिला दिला होता. याला कागद आहे?"

"तोंडी कारभार आहे सगळा."

"रणपिसे, तुम्ही एकदम नऊ तारखेच्या लॉगवर उडी मारताय. पहिल्या सत्रातलं पहिलं काम काय होतं?"

"मालमत्तेची यादी. वस्तू कोणती, कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे."

"मग ती आहे का तुमच्या ऑफिसात?"

नाही, असं म्हणायला मैत्रीने तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. सरकारी कार्यालयात अक्कल नसेल, पाणी नसेल, एखाद दिवशी साहेबही नसेल, पण डेडस्टॉक रजिस्टर नाही असं कार्यालय अजून जन्माला यायचं होतं. खुर्ची, पंखा, पाण्याची टाकी, जे जे विकत आणलं ते त्यात चढवायचं, आणि प्रत्येक वस्तूसमोर ती कोणाच्या ताब्यात आहे ते लिहायचं. डोंगल विकत आणलेलंच होतं.

सोमवारी ती साडेनऊलाच पोचली. शिपाई बापूराव नुकतेच टेबलं पुसत होते. त्यांच्याकडून किल्ली घेऊन तिने भांडाराचं लोखंडी कपाट उघडलं आणि लाल कापडी बांधणीचं ते जाडजूड रजिस्टर खिडकीपाशी आणलं. अडतिसाव्या पानावर, स्टीलची पाण्याची टाकी आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या मध्ये ती नोंद होती.

डोंगल (डिजिटल सही), मा. कक्षप्रमुख यांचे. नग एक. ताबा: श्रीमती शालन गव्हाणे, डेटा ऑपरेटर.

पुढे ताबा घेणाऱ्याची सही. त्याच्याही पुढे दर मार्चअखेरच्या पडताळणीचा शेरा, 'प्रत्यक्ष पाहिले, ताब्यात आहे'. ओळीने तीन वर्षं. खाली हिरव्या शाईत हुपरीकरांच्या तीन सह्या.

मैत्रीला मोठ्याने हसावंसं वाटलं. आपली सही पाण्याच्या टाकीच्या रांगेत बसवून ती दुसऱ्याच्या नावावर केल्याचा दाखला साहेबांनी दरवर्षी स्वतःच्या हाताने दिला होता. आणि आता म्हणे टेबलावरून उचललं! "बापूराव," तिने हाक मारली, "हे पान झेरॉक्स करायचंय, जरा थांबा," आणि पान दाबून धरायला तिने बोट ठेवलं ते नेमकं 'टाकी'च्या खालच्या ओळीवर. 'र'ची शेपटी लांब ओढायची खोड कार्यालयात एकाच व्यक्तीला होती.

अक्षर तिचं होतं. नोंद घेणाऱ्याच्या रकान्यात मै. बु. रणपिसे अशी तिची आद्याक्षरंही होती.

ती खाली बसली. तीन वर्षांपूर्वी भांडार तिच्याकडे होतं. लेखापरीक्षक तीन दिवसांवर आले होते, चाळीसेक वस्तूंसमोरचा ताब्याचा रकाना कोरा होता, आणि साहेब बैठकीत होते. डोंगल अधिकाऱ्याने स्वतःजवळच ठेवावं, असं सांगणारं परिपत्रक त्याच्या खोक्यासोबतच आलेलं होतं. तिने ते वाचलंच नव्हतं. कंत्राटी माणसाच्या ताब्यात साधी खुर्चीही देता येत नाही, हे मात्र तिला ठाऊक होतं. आणि तरीही तिने शालनला बोलावलं होतं, ओळीवर बोट ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "इथे कर सही. टेबलखुर्चीसारखंच असतं, फॉर्मॅलिटी."

तिचे वडील बुद्धभूषण रणपिसे असल्याच एका कार्यालयात एकतीस वर्षं शिपाई होते. त्यांच्या काळात साहेब कागदाचा मजकूर हाताने झाकून फक्त सहीपुरती जागा उघडी ठेवत. वडिलांनी तिला शिकवलं ते एवढ्यासाठीच, की आपल्या घरातल्या माणसापुढे कुणी पुन्हा कागद झाकू नये. आणि शिकून तिने काय केलं? कागद झाकणारा हात आता तिचा स्वतःचा होता. दोन-तीन दिवस ती ज्या रागावर जगत होती, तो कुणावर काढायचा तेच तिला कळेना. साहेबांवरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण आता त्यात वाटेकरी आला होता.

रजिस्टर मिटून परत ठेवलं तर? लेखापरीक्षकांशिवाय ते कोणी उघडत नाही. शालनला वाचवायचा दुसरा काही मार्ग निघालाही असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि वाटलं होतं त्याहून बराच वेळ टिकला. समोर 'उचललं असेल' म्हणणारा माणूस होता, आणि ते खोटं पाडणारा कागद या इमारतीत एवढा एकच होता. तो लावला की तिच्यावरही कारवाई होणार, ना-हरकत तर गेलीच, आणि जोखीम व्यवस्थापनाच्या पदवीआधी खात्याची नोटीस हाती येणार. झेरॉक्स घ्यायला बापूराव दारात ताटकळत होते.

ती रजिस्टर घेऊन जिन्याजवळ गेली. शालन येऊन बसली होती.

"शालन, मला तुला एक सांगायचंय. ते डोंगल कागदोपत्री तुझ्या नावावर कुणी घातलं, तर मी. मीच तुझी सही घेतली होती."

शालनने रजिस्टरकडे पाहिलंही नाही.

"ठाऊक हाय मॅडम. सही माझीच हाय ना. मी तवाच इचारलं हुतं तुम्हाला, की हे तर साहेबांचं हाय, माझ्या नावावर कसं?"

ते मैत्रीला आठवत नव्हतं. आता आठवलं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? चौकशी माझ्याकडे आहे हे माहीत होतं तुला."

"म्हणून तर नाय बोलले." शालनचा आवाज जराही चढला नाही. "मी तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही साहेबांच्या बाजूला जाऊन बसला असता. मग माझ्या बाजूला कोण हुतं? म्हटलं, गप राहू. बाई शिकत्यात, सापडलं तर त्यांनाच सापडू दे."

"आणि सापडूनही मी गप्प बसले असते तर?"

"तर काय?" शालन म्हणाली. "बाकीचे बसलेच हायत की."

ती हे टोचायचं म्हणून बोलली नव्हती, आणि म्हणूनच ते मैत्रीच्या जास्त जिव्हारी लागलं. तिला माफी मागायची होती, पण बाकावर बसून दोन शब्दांत उरकण्याइतकी ती स्वस्त नव्हती. ती उठली आणि आपल्या टेबलाशी गेली.

अहवाल लिहायला दोन तास लागले. चार पानं झाली. तारांकित प्रश्नाच्या धाकाने न विचारता माहिती पाठवायची रीत, तोंडी आदेश, सहीचा ताबा, सगळं आलं. सकाळचा विषय आणि दुपारचा विषय त्या चार पानांत पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. शेवटी तिने लिहिलं की, प्रस्तुत चौकशी अधिकारी स्वतः जबाबदारांपैकी एक असल्याने पुढील चौकशी अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी. 'सदर' एकदाही वापरला नाही. मग ती तळमजल्यावर गेली, तिथे थोडा वेळ उभी राहिली, आणि साडेबाराला हुपरीकरांच्या दालनात शिरली.

"आलात?" ते म्हणाले. "बसा. झाली सही?"

"अहवाल आहे, साहेब."

कागद जाड लागला तसे त्यांनी चष्मा चढवला. पहिला परिच्छेद वाचून त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं.

"रणपिसे मॅडम, जबाबदार व्यक्तींमध्ये पहिलंच नाव तुमचं पडलंय. टायपिंगची चूक दिसतेय."

"चूक नाही. पान उलटा."

त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. अडतिसाव्या पानाच्या झेरॉक्सपाशी ते बराच वेळ थांबले. हिरव्या शाईच्या तिन्ही सह्या त्यात काळ्या उमटल्या होत्या, पण वाचता येत होत्या.

"यात तुमचं काय होईल याचा विचार केलाय?" आवाज अजून तोच होता, कोरडा. "परीक्षा वगैरे?"

"परीक्षा पुढच्या वर्षीही असते."

"तुमच्या माणसांना पुढे येण्याची संधी मिळते कशीबशी, आणि तुम्ही ती अशी—"

"माझ्या माणसांचं राहू द्या, साहेब. त्यांना मी काय सांगायचं ते सांगेन."

 दालनाचं दार उघडं होतं, ते हुपरीकरांनी स्वतः उठून लावलं. परत येऊन बसले तेव्हा ते आपल्या खुर्चीवर न बसता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. या दालनात असं कधी झालेलं मैत्रीने पाहिलं नव्हतं.

"हे बघा, मैत्रीताई. आपण एका घरातली माणसं आहोत. रागाच्या भरात लिहिलंत, मी समजू शकतो. त्या मुलीचंही बघू काहीतरी, दुसरीकडे लावून देऊ. हा कागद तुम्ही घरी घेऊन जा. नीट वाचा. उद्या बोलू. अजून कुणी पाहिलेला नाही हा."

"खाली आवक नोंदवहीत क्रमांक पडलाय, साहेब," मैत्री म्हणाली. "बाराशे सात. दुसरी प्रत दक्षता विभागात गेलीय."